अपरान्ताचा पूर्ण

शहापुराहून किन्हवलीवरून सरळगावास आणि तेथून मुरबाडास जो रस्ता जातो, त्याच्या दोन्ही अंगांच्या मुलखाविषयी आमच्या इतिहासग्रंथांत फार थोडे सापडते. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा डाव माहुलीगडावर मांडला व तेथेच तो संपला, तेवढ्यापुरते शहापुराचे नाव निघते. नाणेघाटाच्या शिलालेखाची चर्चा चालली म्हणजे मुरबाडाचा उल्लेख होतो. मधला किन्हवलीचा टापू मात्र भाताच्या खाचरांचा, पावसाळ्यात वाटा बुडविणाऱ्या ओढ्यानाल्यांचा आणि पूर्वेस उभ्या राहिलेल्या सह्याद्रीच्या भिंतीचा. त्याला इतिहास असावा असे तेथील शिकलेल्या माणसांसही सहसा वाटत नाही. परंतु प्राचीन ग्रंथकार ज्यास अपरान्त म्हणत त्या उत्तर कोकणाच्या पोटातच हा टापू येतो, आणि ह्या अपरान्तातील लोक कसे होते ह्याविषयी पाली वाङ्मयात एक संवाद जपून ठेविलेला आहे. त्यातील वर्णन आमच्या पूर्वजांच्या गौरवाचे नाही. कदाचित त्यामुळेच आम्ही ते फारसे वाचीत नसू.

मज्झिमनिकायातील १४५ वे सूत्र 'पुण्णोवाद' ह्या नावाचे आहे. तोच प्रसंग संयुत्तनिकायातही आला आहे. पुण्ण, संस्कृतात पूर्ण, हा भिक्षु भगवान बुद्धांकडे येतो आणि एकांतात राहून अभ्यासावा असा थोडक्यात उपदेश मागतो. भगवान जे सांगतात ते खरोखरच थोडके आहे. डोळ्यांपुढे रूपे येतात, कानांवर शब्द येतात, आणि गंध, रस, स्पर्श, मनातील कल्पना हे सारे तसेच येते. त्यांतले जे आवडते त्याचे मनुष्य स्वागत करतो, त्यास चिकटून बसतो, त्यातून एक प्रकारची चटक उपजते आणि चटक उपजली की दुःख आलेच. जो चिकटत नाही त्याची चटक मावळते. पालीत ह्या चटकेस 'नन्दी' असा मोठा गोड शब्द आहे. मूळच्या अर्थी तो आनंदच. दुःखाचे बीज आनंदाच्याच नावाने सांगावे, ह्यात सूत्रकारांची तीक्ष्ण दृष्टी दिसते.

उपदेश झाल्यावर भगवान सहज विचारतात की आता तू कोणत्या प्रांती राहणार? पूर्ण उत्तर देतो, सूनापरान्तात. आणि मग तो प्रसिद्ध संवाद सुरू होतो. भगवान म्हणतात की त्या प्रांतीचे लोक चंड आहेत, कठोर आहेत. त्यांनी तुला शिवीगाळ केली तर तुला काय वाटेल? पूर्ण म्हणतो, हे लोक भले आहेत, फारच भले आहेत, की मला हाताने मारीत नाहीत, असे वाटेल. आणि हाताने मारले तर? ढेकूळ फेकून मारले नाही, म्हणून भले. ढेकूळ मारले तर? काठी घेतली नाही, म्हणून भले. काठी घेतली तर? शस्त्र चालविले नाही, म्हणून भले. शस्त्रही चालविले तर? जीव घेतला नाही, म्हणून भले. आणि जीवच घेतला तर? येथे पूर्णाच्या उत्तराचा सूर बदलतो. तो म्हणतो की देहाला आणि जीविताला विटून स्वतः शस्त्र शोधीत फिरणारे भिक्षु होऊन गेले आहेत. मला ते न शोधताच मिळाले, असे मी समजेन. भगवान त्याची वाखाणणी करतात. अशा 'दमोपशमाने' युक्त असलेला तू त्या प्रांतात राहू शकशील, असे म्हणून ते त्यास निरोप देतात.

ह्या संवादाची पहिली गोष्ट जी आमच्या मनात भरते ती ही, की पूर्ण लोकांविषयी एकही खोटे आश्वासन स्वतःस देत नाही. ते तसे नाहीत, लोक उगाच बोलतात, प्रेमाने सारे वश होतात, असे काही तो म्हणत नाही. शिवीपासून खुनापर्यंतची प्रत्येक पायरी शक्य आहे हे तो मान्य करतो. फक्त प्रत्येक पायरीवर काय गेले ह्याऐवजी काय उरले ते मोजतो. ही मोजणी विरक्त गोसाव्याची खास नव्हे. ती व्यापाऱ्याची आहे. तारू बुडाल्यावर किनाऱ्यास लागलेला सावकार प्रथम पाहतो की कोणता माल हाती राहिला, किती माणसे वाचली. पूर्ण खरोखरच व्यापारी होता, हे पुढे येईलच.

दुसरी गोष्ट, 'दमोपशम' हा शब्द. दम म्हणजे इंद्रियांवरील ताबा आणि उपशम म्हणजे निवणे. आपण ज्यास मनःशांती म्हणतो ती आजकाल बहुधा एखाद्या निवांत स्थळी सापडणारी वस्तू म्हणून सांगितली जाते. सूत्रात ती आधी तयार करून मग अशांत स्थळी घेऊन जाण्याची शिदोरी आहे. भगवंतांनी पूर्णास कोठे जावे वा जाऊ नये हे सांगितले नाही. शिदोरी पुरेल की नाही एवढेच पाहिले.

आता प्रश्न असा की हा सूनापरान्त म्हणजे आमचाच अपरान्त कशावरून? ब्रह्मदेशातील लोक इरावतीच्या पश्चिमेकडील मुलखास सूनापरान्त म्हणत आले आहेत आणि श्वेसेट्टो येथे भगवंतांच्या पावलाची यात्रा भरवितात. त्यांच्या श्रद्धेस हात लावण्याचे आम्हांस कारण नाही. पण अट्ठकथेतील गोष्ट पाहिली म्हणजे पारडे इकडेच झुकते. तिच्यात पूर्ण हा सुप्पारक बंदराकडील वाणी आहे आणि भगवान परत जाताना नर्मदेच्या तीरावर पाऊल उमटवितात. सुप्पारक, शूर्पारक, सोपारग अशी जी रूपे पाली, संस्कृत आणि शिलालेखांतून आढळतात, ती वसईजवळच्या सोपाऱ्याचीच. ते गाव पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून तिकडे गेले. संस्कृत 'दिव्यावदाना'तील पूर्णाची कथा तर सरळ शूर्पारकातच घडते.

ह्या दोन कथांतील पूर्ण थोडे वेगळे आहेत, आणि आम्हांस दोघेही प्रिय आहेत. अट्ठकथेतील पूर्ण आणि त्याचा धाकटा भाऊ हे पाळीपाळीने पाचशे गाड्यांचा तांडा घेऊन देशोदेशी जात. एका खेपेस तांडा श्रावस्तीपाशी उतरला असता सकाळी नगरातील लोक फुले घेऊन कोठे तरी लगबगीने चालले आहेत असे पूर्णाने पाहिले, चौकशी केली आणि तो त्यांच्यामागून गेला. धर्म ऐकून परतल्यावर त्याने कोठारावरील माणसास बोलावून सर्व माल, काय विकले काय राहिले ह्यासह, धाकट्या भावास पोचता करण्यास सांगितले आणि प्रव्रज्या घेतली. त्याग म्हणजे घरदार टाकून रात्रीत नाहीसे होणे, ही कल्पना आपल्याकडे कथाकीर्तनांतून रूढ आहे. येथे त्याग करणारा मनुष्य आधी हिशेब बिनचूक सोपवितो. मागे राहणाऱ्यांवर आपल्या वैराग्याचा भार टाकीत नाही. संसाराला कंटाळून संसाराचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणाऱ्यांस आम्ही जेव्हा साधू म्हणून नमस्कार करतो, तेव्हा ह्या वाण्याची आठवण ठेवावी.

दिव्यावदानातील पूर्ण भव नावाच्या सावकाराचा दासीपासून झालेला मुलगा. वडिलांच्या मागे दासीपुत्र म्हणून त्यास वाटणीतून दूर ठेवतात. थंडीने कुडकुडत लाकडाची मोळी वाहणाऱ्या एका माणसाजवळ त्यास गोशीर्ष चंदन दिसते, ते तो विकत घेतो, पुढे त्याच चंदनाने राजाचा ज्वर उतरतो आणि पूर्णाचे दैव उघडते. समुद्रावरच्या सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काही पठण करीत असतात. हे कोणते गीत, असे तो विचारतो, आणि ते बुद्धवचन आहे हे कळताच त्या नावानेच त्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. सूत्रातील संवाद ह्याही कथेत आहे; पण कथाकारास तेवढ्याने समाधान झाले नाही. बोलणे सोपे, कसोटी कोठे? म्हणून त्याने पूर्णास अपरान्तात भिक्षेसाठी निघताना एका पारध्यासमोर उभे केले. शिकारीस निघालेल्या पारध्याने मुंडण केलेला श्रमण पाहून अपशकुन मानला आणि धनुष्य ओढून तो त्याच्यावर धावला. पूर्णाने अंगावरील वस्त्र बाजूस सारून पोट उघडे केले आणि सांगितले की ह्या न भरणाऱ्या पोटासाठीच मी ह्या अवघड मुलखात शिरत आहे, मारावयाचे तर येथे मार. पारध्याचा हात थबकला. तो पारधी पूर्णाचा शिष्य झाला.

पूर्ण पारध्यास उपदेश करीत नाही. तू पापी आहेस, असेही म्हणत नाही. पोटासाठी वणवण करणारे आपण दोघेही, एवढेच तो दाखवितो. करुणा हा शब्द आपण फार वरून वापरतो, जणू काही सुस्थितीतील माणसाने दुःस्थितीतील माणसास घालावयाची ती भीक आहे. येथे भीक मागणारा भिक्षु आहे आणि दया करण्याचा अधिकार धनुष्यवाल्याचा आहे. तरी करुणा कोणाकडून कोणाकडे गेली हे सांगावे लागत नाही.

पूर्णाच्या काळी ह्या मुलखाची व्यवस्था काय होती हे सांगण्यास साधन नाही. परंतु पुढच्या काही शतकांत सोपारा आणि कल्याण ही बंदरे घाटमाथ्याशी ज्या वाटांनी जोडली गेली, त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध वाट मुरबाडच्या मैदानातून वैशाखऱ्यास जाऊन नाणेघाट चढते. किन्हवलीचा टापू ह्या वाटेच्या उत्तरेस लागूनच आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, आणि जकातीचे नाणे त्यात पडे असे लोक सांगतात. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य, लोकपाल ह्यांस वंदन असून यज्ञ आणि हजारोंच्या संख्येने दिलेल्या गाई ह्यांची यादी आहे. आणि त्याच वाटेने वर गेले की जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांची रांगच लागते, ज्यांच्या दात्यांत यवनही आहेत. यज्ञ करणारी राणी, विहार कोरविणारा व्यापारी आणि दूरदेशीचा यवन एकाच घाटाने चढत होते. धर्माधर्मांचे जे तट आपण इतिहासाच्या पुस्तकांत आखतो ते ह्या वाटेवर तितकेसे दिसत नाहीत.

ह्या लोकांनी त्यागाचा उपदेश कसा घेतला, हा प्रश्न आम्हांस संवादाइतकाच महत्त्वाचा वाटतो. सारेच काही पूर्णासारखे गाड्या सोपवून निघून गेले नाहीत, जातही नाहीत. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचा सोनार आहे, लोहार आहे, सोपाऱ्याचा व्यापारी आहे. कोणी पाण्याचे टाके खोदविले, कोणी वाट बांधविली. लेखांत टाक्यास 'पोढी' म्हटले आहे. लोहाराने वाट द्यावी ही गोष्ट लहान दिसते. पण कान्हेरीच्या डोंगरात भर उन्हाळ्यात चढून गेलेल्यास टाक्याची आणि पायवाटेची किंमत सांगावी लागत नाही.

नाशिकच्या लेण्यातील ऋषभदत्ताचा लेख तर त्यागाचा जमाखर्चच आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. ४२ व्या वर्षी त्याने ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी', म्हणजे मुद्दल कधी न मोडावयाची ठेव, गोवर्धनातील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक ह्या दराने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षास २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे लिहिले आहे. वीस बारे दोनशेचाळीस. हिशेब एका पैचाही चुकलेला नाही. ह्याच गृहस्थाने नद्यांवर फुकट तरी ठेविल्या आणि सोपाऱ्यासारख्या ठिकाणी उतरण्यास धर्मशाळा बांधविल्या. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्यांस व्याजावर पोसावे ह्यात विसंगती आहे, असे काही विद्वान हसून सांगतात. आम्हांस हसू येत नाही. सोडून देणे हे एका क्षणाचे धाडस असू शकते. पण दर वर्षी पावसाळा येणार, दर वर्षी वीस माणसांस वस्त्र लागणार, आणि देणारा मेल्यावरही ते मिळाले पाहिजे, हा विचार धाडसाहून टिकाऊ आहे. ठेव ठेवून ती पुन्हा आपली म्हणावयाची नाही, हेही सोडणेच.

ह्यापूर्वीच्या काळी, सम्राट अशोकाच्या वेळी, अपरान्तात धर्मरक्षित नावाचा यवन स्थविर पाठविला गेला, असे सिंहलद्वीपाचा महावंस सांगतो. त्याने ३७,००० लोकांस धर्मात आणिले असाही आकडा तेथे आहे. असले आकडे आम्ही कीर्तनातल्या आकड्यांप्रमाणेच घेतो. पण अशोकाचा हात येथवर पोचला होता ह्याचा पुरावा दगडात आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस सोपाऱ्यास आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली जवळच्याच भुईगावी नवव्याचा. आठव्या शासनात राजा मृगयेच्या सहली टाकून धर्मयात्रेस निघाल्याचे सांगतो. नवव्यात लोक जी निरर्थक मंगलकार्ये करतात त्यांपेक्षा दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे हेच खरे मंगल, असा आशय आहे. शिकार सोडलेल्या राजाचा लेख, धनुष्य खाली ठेवलेल्या पारध्याच्या प्रांतात सापडावा, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो. त्याहून अधिक अर्थ त्यातून काढू नये.

त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, भगवानलाल ह्यांनी तेथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली. टेकडी नव्हे, तो विटांचा स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात आठ लहान बुद्धमूर्ती, मध्ये तांब्याचा करंडा. त्यात चांदीचा, त्यात पाषाणाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याची फुले, आणि यज्ञश्री सातकर्णीचे रुप्याचे नाणे. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात काय होते? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. भगवंतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या तेथे ठेविल्या असाव्यात, असे भगवानलाल ह्यांनी मानिले. सोनारांच्या आणि वाण्यांच्या त्या नगरीने आपले सारे धातू एकाच्या पोटात एक घालून शेवटी त्यांच्या गाभ्यात भिकाऱ्याचे फुटके मडके ठेविले. ह्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहेत.

किन्हवलीच्या आसपास मात्र असे सोने निघालेले नाही. आहेत त्या कपारी. मुरबाड तालुक्यात सोनावळ्याजवळ डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांस गणपती गडद म्हणतात, आणि गडद म्हणजे त्यांच्या बोलीत गुहा. आज तेथे गणपतीची पूजा होते. शहापूर तालुक्यात डेहण्याच्या वर आजोबाचा डोंगर आहे. हा आजोबा म्हणजे वाल्मीकी, लवकुशांनी त्यांस आजोबा म्हटले म्हणून डोंगराचे तेच नाव पडले, अशी तिकडील माणसांची समजूत आहे. वाटमारी करणारा वाल्या जेथे कोळ्याचा ऋषी झाला, असा डोंगर ज्यांच्या नित्य डोळ्यांसमोर, त्यांस चंड लोकांतून शांत माणूस निघतो ही गोष्ट पालीतून शिकावी लागत नाही.

कपारींवरून अट्ठकथेतील आणखी एक प्रसंग आठवतो. अपरान्तात परतल्यावर पूर्ण लगेच स्थिर झाला नाही. तो एका डोंगरावर राहिला. मग समुद्रगिरी नावाच्या विहारात गेला, पण तेथे लाटा खडकांवर आदळून गर्जत. मग मातुलगिरीस गेला, तेथे रात्रंदिवस पक्ष्यांचा कलकलाट. शेवटी मकुलकारामात त्यास जागा मिळाली. व्यापाऱ्यांच्या गावापासून ती फार दूर नव्हती, फार जवळही नव्हती; येण्याजाण्यास सोयीची आणि तरी निवांत. हे वाचून आम्हांस फार बरे वाटले. शस्त्राने मारले तरी चालेल म्हणणाऱ्या ह्या पुरुषास पाखरांचा आवाज सहन होईना! पण ह्यात विरोध नाही. दुसऱ्याने दिलेला त्रास सोसणे हे एक, आणि अभ्यासासाठी योग्य जागा शोधणे हे दुसरे. उगाच गैरसोय सोसून दाखविण्यात पूर्णास कसलेच भूषण वाटले नाही. शिवाय जागा निवडताना भिक्षेचे गाव हाकेच्या अंतरावर ठेविले. ज्या लोकांसाठी आलो त्यांच्यापासून तुटून शांती मिळवावयाची नव्हती.

येथवर जे लिहिले त्यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मारणाऱ्यास भला म्हणावे, हा उपदेश मार खाणाऱ्यास कोण करतो? आमच्या समाजात शतकानुशतके ज्यांनी मार दिला त्यांनीच मार खाणाऱ्यांस क्षमेचे आणि संतोषाचे धडे दिले आहेत. पाणवठ्यावरून हाकललेल्यास, काठी तर मारली नाही ना, असे सांगणे हा पूर्णाच्या शब्दांचा सर्वांत नीच उपयोग होय.

सूत्र नीट वाचले तर हा उपयोग त्यात बसत नाही. पूर्ण त्या चंड लोकांच्या ताब्यात नव्हता. तो मोकळ्या पायाने त्यांच्यात गेला, त्याला परत फिरता येत होते, आणि भगवंतांनी प्रश्न विचारले ते त्यास, त्या लोकांच्या वतीने नव्हे. तू सोस, अशी आज्ञा सूत्रात कोठेही नाही. ज्याने स्वतः होऊन एक कार्य पत्करले, त्याची त्या कार्यासाठी किती तयारी आहे एवढीच ती परीक्षा आहे. क्षमा आपल्यासाठी घेता येते; दुसऱ्यावर लादता येत नाही.

ह्याचे उदाहरण ह्याच अपरान्तात, आमच्या आजोबांच्या हयातीत घडले. २० मार्च १९२७ रोजी महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी घेतले. त्यानंतर देवळात शिरण्याचा त्यांचा बेत असल्याची खोटी आवई उठवून परतणाऱ्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. मार खाणाऱ्यांत सैन्यात नोकरी केलेली माणसे होती. प्रतिहल्ला करण्यास ती सज्ज होती आणि समर्थही होती. बाबासाहेबांनी त्यांस आवरले. त्या दिवशी महाडात रक्तपात वाढला नाही तो ह्या आवरण्यामुळे. परंतु आवरणे म्हणजे सोडून देणे नव्हे. मारणाऱ्यांवर खटले झाले, काहींस शिक्षा झाली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. आणि तळ्याच्या हक्काचा दावा दहा वर्षे चालून १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या हायकोर्टात त्यांच्या बाजूने निकाल लागला. राग सोडला, हक्क सोडला नाही. महाडाजवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत हे येथे नोंदवावेसे वाटते, एवढेच. त्या वेळी बाबासाहेब बौद्ध झाले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी धम्मदीक्षा घेतली, आणि आज शहापूर-मुरबाडाकडेही वैशाखी पौर्णिमेस ज्या घरांत बुद्धवंदना होते ती त्या दीक्षेची परंपरा. ज्या चंड लोकांच्या प्रांतात पूर्ण एकटा निघाला होता, तेथे त्याचे नाव घेणारी घरे पुन्हा वसली आहेत. मधल्या कित्येक शतकांत ते कोणी घेत नव्हते.

अशा घरांतील मुलांस आणि इतरांच्याही मुलांस पुण्णोवाद वाचावयास द्यावा असे आम्हांस वाटते. मराठी वाचकांस पाली वाङ्मयाचे दार गोव्यातील साखवाळ गावच्या धर्मानंद कोसंबींनी उघडून दिले आहे, त्यामुळे भाषेची सबब सांगण्यास फारशी जागा नाही. मुलांनी तो वाचताना आपले पूर्वज पूर्णाच्या बाजूस होते की ढेकूळ हाती घेतलेल्यांच्या, हा प्रश्न त्यांस विचारण्याची घाई वडील माणसांनी करू नये. तो त्यांच्या मनात आपोआप येईल.

सूत्राचा शेवट फार थोड्या शब्दांत आहे. पूर्ण सूनापरान्तास गेला. त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका त्याने धर्मात आणिल्या, त्याच वर्षावासात त्यास तिन्ही विद्या प्राप्त झाल्या, आणि पुढे तो वारला. काही भिक्षु भगवंतांकडे गेले आणि त्यांनी विचारले की ज्यास आपण थोडक्यात उपदेश केला होता तो पूर्ण वारला आहे, त्याची गती काय? भगवान म्हणाले, तो शहाणा होता, धर्माप्रमाणे वागला, धर्माच्या बाबतीत त्याने मला कधी त्रास दिला नाही; तो परिनिर्वाण पावला. मरण त्यास त्या चंड लोकांच्या हातून आले की ज्वराने, हे सूत्र सांगत नाही. भिक्षूंनीही ते विचारले नाही.